दुरुस्त केलेल्या जुन्या वाड्यात आग आणि चोरीविरोधी यंत्रणा बसवताना: सविस्तर मार्गदर्शक

शनिवारवाड्यात आज शिरलं की दिसतात ती दगडी जोती, हौद, कारंजी आणि तटबंदी. त्यांच्यावर उभं असलेलं सागवानी काम १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत गेलं. पुढे १८७९ साली पुण्यातच बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. बुधवारवाडा नामशेष झाला, विश्रामबागवाड्याचा जळलेला भाग नंतर पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा घरात तेलाचे दिवे होते. आज त्याच प्रकारच्या वाड्यांत एसी, कॉफी मशीन, प्रोजेक्टर, दिव्यांच्या माळा आणि लग्नाचा मांडव असतो.

गेल्या काही वर्षांत बरेच वाडे दुरुस्त होऊन संग्रहालय, होम-स्टे, उपाहारगृह, सांस्कृतिक केंद्र म्हणून वापरात आले, ही आनंदाची गोष्ट. पण दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात आग आणि सुरक्षेचा भाग सहसा शेवटच्या पानावर असतो आणि पैसे संपत आले की तोच आधी कापला जातो. हा लेख विश्वस्त, मालक, वास्तुरचनाकार आणि प्रत्यक्ष काम करणारे ठेकेदार यांच्यासाठी आहे. उदाहरण दख्खनी वाड्याचं घेतलं आहे: दगडी जोतं, लाकडी चौकट, वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती, कडीपाटाची (लाकडी कड्यांवर पाट म्हणजे फळ्या टाकून केलेली) छतं. कोकणातली चौसोपी घरं, गोव्यातली पोर्तुगीजकालीन घरं, मुंबईच्या फोर्टमधल्या लाकडी तक्तपोशीच्या इमारती यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

संपूर्ण कामात एक माप डोळ्यांसमोर ठेवा. पहिला धूर निघाल्यापासून शहाणा माणूस नेमक्या त्या खोलीच्या दारात पोचेपर्यंत किती मिनिटं लागतात? उपकरणं कितीही महाग असोत, यंत्रणा चांगली की वाईट हे या मिनिटांवरून ठरतं. दुसरी अट अशी की हे साधताना वाड्याच्या अंगावर भरून न येणारी जखम होता कामा नये.

पहिली पायरी: वाडा कसा जळेल ते समजून घ्या

एजन्सीला बोलावून ‘कोटेशन द्या’ म्हणण्याआधी वाडा तळघरापासून कौलापर्यंत हिंडा. सोबत नकाशा, विजेरी आणि शक्यतो जुना सुतार घ्या.

लाकूड जळतं तेव्हा त्याच्यावर कोळशाचा थर चढतो आणि तो आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. घट्ट सागवानासारखं लाकूड साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने आत जळत जातं. म्हणजे फूटभर जाडीची तुळई बराच वेळ तग धरते. पण कडीपाटातला पाट दोन-अडीच सेंटिमीटरचाच असतो. तो अर्ध्या-पाऊण तासात आरपार जातो, आणि फटी पडल्या असतील तर ज्वाळा त्याच्याही आधी वर पोचते. वाड्याचा कच्चा दुवा पाटात आहे, तुळईत नाही. वरच्या मजल्याची जमीन म्हणून पाटावर मातीचा थर असेल तर तो आगीला अडवतो. दुरुस्तीत वजन कमी करायचं म्हणून ही माती काढली आणि वर नुसतं प्लायवूड टाकलं, तर ते संरक्षण गेलं. अशी कामं झाली असतील तर नकाशावर तिथे खूण करा.

नंतर पोकळ्या शोधा. भिंतीतलं धान्याचं बळद, बंद केलेले कोनाडे, जिन्याखालची अडगळ, खोट्या छतामागची जागा, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे माळा. पेठेतल्या वाड्यांत शेजारच्या दोन घरांच्या मधली भिंत पुष्कळदा कौलापर्यंत पोचतच नाही. माळ्यावर एका टोकाला लागलेली आग विनाअडथळा दुसऱ्या टोकाला, कधी शेजाऱ्याच्या घरातही जाते. ग्लासगोच्या कला महाविद्यालयाच्या मॅकिंटॉश इमारतीत २०१४ साली तळघरात लागलेली आग जुन्या वायुवीजनाच्या उभ्या पोकळ्यांतून वरपर्यंत चढली होती. आपल्याकडे तेच काम लाकडी जिना करतो.

या फेरीतून तीन गोष्टी कागदावर याव्यात: आग कुठे लागू शकते, ती कुठल्या वाटेने पसरेल, आणि कुठल्या खोलीत अशी वस्तू आहे की जी गेली तर परत मिळणार नाही. भित्तिचित्रांचा दिवाणखाना, पोथ्यांची खोली, देवघर. पुढचा प्रत्येक निर्णय या कागदावरून घ्यायचा आहे.

दुसरी पायरी: परवानग्या

वाडा केंद्र संरक्षित असेल तर १९५८ चा कायदा आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संरक्षित असेल तर राज्याचा १९६० चा कायदा आणि पुरातत्त्व संचालनालय. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचं २०० मीटर नियंत्रित असतं. तुमचा वाडा स्वतः संरक्षित नसला, पण अशा स्मारकाजवळ असला, तर पाण्याच्या टाकीसाठी साधा खड्डा घ्यायलाही परवानगी लागू शकते. महापालिकेच्या वारसा यादीत इमारत असेल तर श्रेणीनुसार वारसा संवर्धन समितीकडे जावं लागतं.

अग्निशमनाच्या बाजूने ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू होतो. यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडूनच बसवून घ्यावी लागते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग हा आगीसंबंधी आधारग्रंथ आहे. त्यातल्या जिन्याच्या रुंदीसारख्या काही अटी जुन्या वाड्यात शब्दशः पाळता येत नाहीत. अशा ठिकाणी गप्प बसू नका. काय पाळता येत नाही आणि त्याच्या बदल्यात कोणती जास्तीची काळजी घेतो आहोत (लवकर इशारा, माणसांच्या संख्येवर मर्यादा, वरचा मजला गर्दीसाठी बंद), हे लेखी मांडून अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष वाड्यात बोलवा. संवर्धन वास्तुरचनाकार आणि अग्निशमन अधिकारी एकाच दिवशी एकाच चौकात उभे राहिले की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

तिसरी पायरी: आग लागण्याची कारणं कमी करा

डिटेक्टर विकत घेण्याआधी वायरिंग बदला. रिओ दी जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळालं, तेव्हा तपासात बोट एअर कंडिशनरच्या जोडणीकडे गेलं. वाड्यात जुन्या कापडी वेष्टनाच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या तारा उरल्या असतील तर त्या पूर्ण काढा. ‘चालू आहे तोवर राहू दे’ म्हणू नका. एसी, गीझर, स्वयंपाकघर यांना स्वतंत्र सर्किट द्या. माणसाला झटक्यापासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असतंच. मुख्य पुरवठ्यावर ३०० मिलिअँपिअरचं बसवलं तर आगीला कारण ठरणारी गळतीही पकडली जाते. वर्षातून एकदा, कार्यक्रम चालू असताना म्हणजे पूर्ण भारावर, सगळे बोर्ड थर्मल कॅमेऱ्याने तपासून घ्या. सैल स्क्रू डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यात तो तापलेला दिसतो. मुख्य बोर्ड लाकडी जिन्याखाली असेल तर हलवा. हे एवढं एक काम केलं तरी बाहेर पडायची वाट वाचते.

मांडववाल्यांसाठी चौकात वेगळा, बंदिस्त पॉवर पॉइंट करून ठेवा. नाहीतर ते मुख्य बोर्डातूनच तार ओढतात. देवघरातली समई चालू ठेवायला माझा विरोध नाही. खाली पितळी परात, वर मोकळी जागा, पडदा लांब, आणि रात्री वाडा बंद करताना ज्योत शांत, एवढा नियम पुरतो. स्वयंपाकघर शक्यतो मागच्या पडवीत किंवा वेगळ्या बांधकामात न्या आणि सिलिंडर वाड्याच्या बाहेर ठेवा.

दुरुस्तीचा काळ हा वाड्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ असतो. विंडसरचा किल्ला (१९९२), पॅरिसचं नोत्र दाम (२०१९), कोपनहेगनची जुन्या शेअर बाजाराची इमारत बोर्सन (२०२४) या तिन्ही आगी इमारतीत काम चालू असताना लागल्या. ग्लासगोची गोष्ट तर काळजाला लागते. २०१४ मध्ये आग लागली तेव्हा पाण्याच्या तुषारांची यंत्रणा बसवण्याचं काम चालू होतं, ती सुरू झाली नव्हती. मग काही वर्षं जीव ओतून दुरुस्ती झाली, आणि ती पूर्ण व्हायच्या आत २०१८ च्या जूनमध्ये इमारत पुन्हा पेटली. दुसऱ्यांदाही नवी यंत्रणा कार्यान्वित झालेली नव्हती.

म्हणून पहिल्या दिवसापासून तात्पुरती यंत्रणा लावा: बिनतारी डिटेक्टर, हूटर (गजराचा भोंगा), प्रत्येक मजल्यावर अग्निशामक, आणि रात्रपाळीचा माणूस. वेल्डिंग, ग्राइंडर, ब्लो-लॅम्प यांसाठी रोजची लेखी परवानगी हवी, काम दुपारी थांबायला हवं, आणि थांबल्यावर निदान तासभर कुणीतरी तिथे थांबून नंतर संध्याकाळी पुन्हा एक फेरी मारायला हवी. जुन्या लाकडाच्या फटीतली ठिणगी तासन्‌तास धुमसते. जमेल तिथे वेल्डिंग बाहेर करून तयार तुकडा आत आणून नट-बोल्टने जोडा. रंधा मारलेला भुसा रोज गोणीत भरून वाड्याबाहेर.

चौथी पायरी: धूर ओळखणारी यंत्रणा निवडा

सगळ्या खोल्यांना एकच डिटेक्टर हा आळशी उपाय आहे. खोलीगणिक विचार करा.

साध्या खोल्यांना, कार्यालयाला, गोदामाला नेहमीचा ठिपक्यासारखा स्मोक डिटेक्टर पुरतो. तो ‘ॲड्रेसेबल’ घ्या, म्हणजे पॅनेलवर नेमकी खोली कळते. पण कडीपाटाखाली जागा निवडताना लक्ष द्या. धूर वर जातो आणि दोन तुळयांमधल्या खणात साठतो. तो खण भरल्यावरच तुळईखालून पुढच्या खणात उतरतो. छताच्या उंचीच्या साधारण दहाव्या भागापेक्षा तुळई जास्त खोल असेल, तर धुराच्या दृष्टीने ती भिंतच धरतात. खोली एक असली तरी खण चार असतील तर चार जागांचा विचार करावा लागतो. सपाट स्लॅबच्या हिशेबाने काढलेला नकाशा इथे चालत नाही. एजन्सीचा माणूस जागेवर न येता नकाशावर गोल काढून देत असेल तर ते मान्य करू नका.

दिवाणखाना, रंगवलेली छतं, कोरीव गणेशपट्ट्या असलेल्या खोल्या यांच्यासाठी माझी पहिली पसंती हवा ओढून तपासणाऱ्या यंत्रणेला आहे. एस्पिरेटिंग डिटेक्टर म्हणतात ती हीच. यात डिटेक्टरचा डबा दूर, जिथे सहज हात पोचेल अशा जागी असतो. त्याच्यापासून माळ्यावरून एक बारीक पाइप फिरवतात आणि पाइपातून केशनलिका खाली सोडतात. छताला दिसतं ते फक्त काही मिलिमीटरचं छिद्र, तेही पाटांच्या सांध्यात लपवता येतं. धूर डोळ्यांना दिसायच्या आधीच ही यंत्रणा सूचना देते आणि ती तीन-चार पातळ्यांवर लावता येते: पहिल्या पातळीला फक्त रखवालदाराला निरोप, पुढच्या पातळीला हूटर. देखभालीसाठी छताला शिडी लावावी लागत नाही, हा जुन्या रंगकामाच्या दृष्टीने मोठा फायदा.

तिचे दोष मात्र आपल्या हवेत ठळक होतात. धूळ, कोळिष्टकं, पावसाळ्यातली दमट हवा यांनी छिद्रं बुजतात किंवा खोटे इशारे येतात. माळ्यावर कबुतरं असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग पाइप. धूप-उदबत्ती असलेल्या देवघरात ही यंत्रणा लावूच नये. तिथे उष्णता ओळखणारा डिटेक्टर आणि दाराबाहेर, सोप्यात, स्मोक डिटेक्टर अशी जोडी ठीक बसते. बसवल्यावर पहिले काही आठवडे फक्त नोंदी घ्या, रोजच्या वापरात हवा किती ‘मळते’ ते पाहा आणि त्यानुसार पातळ्या ठरवा.

उंच दरबार हॉल किंवा झाकलेला चौक असेल तर प्रकाशझोताचे डिटेक्टर येतात: एका भिंतीवरून झोत निघतो, समोरून परततो, मध्ये धूर आला की इशारा. ते दगडी भिंतीवरच बसवा. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. झोत सरकतो आणि रात्री-अपरात्री खोटा गजर होतो.

बिनतारी डिटेक्टर वाड्याला मोलाचे आहेत कारण तारेसाठी काही फोडावं लागत नाही. पण हात-दोन हात जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंतींतून संदेश पोचतो का, हे खरेदीआधी जागेवर उपकरण नेऊन तपासायला सांगा, दारं बंद करून. परदेशी बनावटीचं उपकरण असेल तर त्याची लहरींची वारंवारता भारतात मान्य आहे का, त्याचं प्रमाणपत्र मागा. आणि दर काही वर्षांनी सगळ्या बॅटऱ्या बदलण्याचा खर्च आत्ताच ताळेबंदात धरा.

पाचवी पायरी: तारा, पाइप आणि खिळे

वाड्याचं सगळ्यात जास्त नुकसान यंत्रणा बसवणाऱ्या माणसाच्या ड्रिलने होतं. इथे वेळ द्या, पैसे द्या, घाई करू नका.

भिंतीला खाच मारायची नाही. दगडाला भोक पाडायचं नाही. पकड हवी असेल तर दगडांमधल्या चुन्याच्या दरजेत घ्या. दरज उद्या पुन्हा भरता येते, दगड भरता येत नाही. कोरीव खांब, हस्त, महिरपी, गणेशपट्टी यांना स्क्रूसुद्धा लावायचा नाही. साध्या तुळईवर लावायचाच असेल तर पितळी किंवा स्टेनलेस, बाजूने, वरच्या अंगाला. लोखंडी खिळा दमट हवेत गंजतो, फुगतो आणि लाकूड चिरतो. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचे ठिगळ मारून बॉक्स बसवणं पूर्ण बंद. गिलावा चुन्यातच भरायचा.

तारेची वाट शोधताना वाड्याने आधीच दिलेल्या वाटा वापरा. कडी आणि भिंत जिथे मिळतात ती सावलीची रेघ, दाराच्या चौकटीची मागची कड, वापरात नसलेलं बळद (त्यातून तार नेली की प्रत्येक मजल्याच्या पातळीला आगरोधक भरणा करायचाच, नाहीतर आपणच आगीला धुराडं बांधून दिलं), माळा, जुन्या वायरिंगची लाकडी पट्टी. पॅनेलपासून हूटरपर्यंतची तार आगीतही काही काळ चालू राहणाऱ्या प्रकारची हवी. खनिज भरणा असलेली तांब्याची बारीक केबल महाग पडते, पण ती लाकडाच्या कडेने वाकवून नेली की काही महिन्यांत काळवंडून तुळईच्या रंगात मिसळते. दर्शनी खोल्यांत मी तोच खर्च सुचवीन.

काम सुरू करण्याआधी एका दुय्यम खोलीत पूर्ण नमुना करून घ्या: एक डिटेक्टर, दोन मीटर तार, एक हूटर, एक कॅमेरा. तो वास्तुरचनाकाराने आणि विश्वस्तांनी पाहून मान्य केल्यावरच पुढे. प्रत्येक भोकाच्या आधीचा आणि नंतरचा फोटो ठेवा. पंधरा-वीस वर्षांनी ही यंत्रणा बदलावी लागणार आहे. ती काढणाऱ्याला वाडा जसा होता तसा परत मिळाला पाहिजे.

सहावी पायरी: पॅनेल कुठे, आणि गजर कोण ऐकणार

नोत्र दाममध्ये १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी धुराचा इशारा वेळेवर मिळाला होता. पण पॅनेलवरच्या संदेशाचा अर्थ लागायला चूक झाली, रखवालदार दुसऱ्याच माळ्यावर पाहायला गेला आणि अर्ध्या तासाच्या आसपास वेळ गेला. तोवर छपराचं लाकूड हाताबाहेर गेलं होतं. अख्ख्या युरोपात नावाजलेल्या इमारतीत हे झालं.

त्यामुळे पॅनेलवरचे शब्द तुम्ही स्वतः लिहून द्या, मराठीत, आणि वाड्यातली माणसं ज्या नावाने ती जागा ओळखतात त्या नावाने: ‘दुसरा चौक, उत्तर सोपा, माडीचा जिना’. ‘झोन ३, लूप २’ असलं काही नको. पॅनेलमध्ये देवनागरी येत नसेल तर शेजारी मोठा नकाशा लावा आणि प्रत्येक क्रमांकापुढे जागेचं नाव. पॅनेल देवडीत असावं, म्हणजे रखवालदार बसतो तिथेच आणि अग्निशमन दल शिरतं त्याच दारात. बॅटरीवर ते किमान २४ तास चालायला हवं.

रात्री एकटा रखवालदार असेल तर त्याने काय करायचं ते एका ओळीत ठरवा. मी असं ठरवतो: गजर झाला की पाहायला जाताना फोन हातात, धूर दिसला की त्याच जागेवरून १०१ किंवा ११२, मग मालक. मालकाला आधी फोन करून ‘काय करू?’ विचारण्यात मिनिटं जातात. हाताने दाबायचा लाल बॉक्स प्रत्येक जिन्यापाशी आणि बाहेरच्या दारापाशी, खांद्याच्या उंचीवर असावा.

सातवी पायरी: पाणी आणि विझवण्याची साधनं

‘एक स्प्रिंकलर फुटला की सगळा वाडा भिजेल’ ही भीती विश्वस्तांच्या बैठकीत हमखास निघते. नेहमीच्या यंत्रणेत प्रत्येक स्प्रिंकलरची काचेची कुपी स्वतंत्र असते. ज्याच्याखाली आग, तेवढाच फुटतो. लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. विदर्भ-मराठवाड्यात किंवा पत्र्याच्या माळ्यावर उन्हाळ्यातली उष्णता लक्षात घेऊन पिवळी किंवा हिरवी घ्यावी लागते. एका स्प्रिंकलरचं पाणी अग्निशमन दलाच्या होजच्या पाण्यापुढे फार थोडं. होज चालला की खरा धोका सुरू होतो: कडीपाटावरची माती पाणी पिऊन जड होते, पांढऱ्या मातीच्या भिंती विरघळतात, आणि आगीतून वाचलेला मजला भाराने खाली येतो.

पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार सोडणारी यंत्रणा आणखी कमी पाण्यात काम करते आणि तिचे पाइपही बारीक असतात. तिला उंच दाबाचा पंप लागतो, पाणी अगदी स्वच्छ लागतं आणि दुरुस्ती करणारे जाणकार मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाहीत. तालुक्याच्या गावी वाडा असेल तर मी साधी, सर्वांना कळणारी यंत्रणा आणि उत्तम डिटेक्शन यांवर पैसे लावीन.

गॅसची यंत्रणा खोली हवाबंद असेल तरच उपयोगी. जाळ्या, गवाक्षं, फटींच्या पाटांच्या वाड्यात गॅस टिकत नाही. पोथ्यांची एखादी लहान, बंदिस्त खोली असेल तर विचार करा, तोही हवाबंदपणाची चाचणी घेतल्यावर. माणसं वावरतात तिथे कार्बन डायऑक्साइडने खोली भरणारी यंत्रणा कधीही नको. ती जीव घेते.

हातातल्या अग्निशामकांत सगळीकडे एबीसी पावडर टांगण्याची पद्धत आहे. पावडर आग विझवते, पण ती कोरीवकामात, चित्रांत, धातूच्या मूर्तींवर बसते, ओल धरते आणि गंज आणते. संग्रहाच्या खोल्यांत तुषार सोडणारा पाण्याचा किंवा क्लीन एजंटचा (मागे अवशेष न ठेवणाऱ्या वायूचा) अग्निशामक ठेवा, विजेच्या बोर्डापाशी कार्बन डायऑक्साइडचा. पावडर वाहनतळ, जनरेटर, स्वयंपाकघराच्या बाहेर.

साठ्यासाठी लक्षात ठेवा: हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. जुन्या माडीवर टाकी चढवू नका. जमिनीखाली टाकी खणायची तर पायापासून लांब, परवानगी घेऊन. वाड्यात विहीर किंवा हौद असेल तर तो तुमचा ठेवा आहे. मे महिन्यात पाणी किती राहतं ते मोजा आणि अग्निशमन दलाच्या पंपाची नळी तिथे पोचते का ते त्यांनाच तपासायला सांगा. रिओच्या संग्रहालयाबाहेरच्या हायड्रंटना त्या रात्री पाण्याचा दाबच नव्हता. आपल्याकडे ज्या वेळी पालिकेचं पाणी बंद असतं, त्या वेळी काय, हा प्रश्न आजच विचारून ठेवा. गल्लीत बंब शिरत नसेल तर लहान गाडी कुठपर्यंत येते तेही.

आठवी पायरी: चोरीविरोधी यंत्रणा आणि बाहेर पडायची वाट

वाड्याचा दरवाजा शत्रूला बाहेर ठेवायला बांधलेला आहे: जाड फळ्या, अणकुचीदार खिळे, आतून अडसर आणि एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत दोनशे माणसांचा कार्यक्रम असेल तर हीच सुरक्षा जीवघेणी ठरते. कार्यक्रमाच्या वेळी पूर्ण दरवाजा उघडा आणि अडकवून ठेवलेला असावा, आणि मागची दुसरी वाट मोकळी असावी. दुसरी वाट नसेल तर माणसांची संख्या मर्यादित ठेवा. चुंबकीय कुलपं लावली असतील तर आगीचा गजर होताच आणि वीज जाताच ती आपोआप सुटली पाहिजेत. मौल्यवान वस्तूंच्या खोलीचं कुलूप वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहावं, पण आत अडकलेल्याला साध्या मुठीने उघडता यावं. रात्री रखवालदाराला आत ठेवून बाहेरून कुलूप लावण्याची प्रथा ताबडतोब बंद करा.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते काम आता सगळ्यांना जमतं. एकाच तारेतून वीज आणि चित्र नेणारे कॅमेरे घ्या. ते येण्या-जाण्याच्या वाटांवर लावा, कोरीवकामावर नको. इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे येतात आणि कोळी जाळं विणतात. वेगळा दिवा थोडा दूर लावला तर चित्र स्वच्छ राहतं. रेकॉर्डर कुलूपबंद आणि दुसऱ्या भागात, आणि त्याची प्रत वाड्याबाहेर. हालचाल टिपणारे सेन्सर मांजर, वटवाघूळ, कबुतर यांनी वाजतात. काही दिवस तपासल्याशिवाय हूटरला जोडू नका. जुनी दारं लोंबतात, म्हणून दारावरचे चुंबकीय संपर्क मोठी फट चालणारे घ्या.

चोरीला गेलेली मूर्ती किंवा कोरीव तुकडा परत मिळण्यात सगळ्यात जास्त मदत होते ती चांगल्या नोंदवहीची. प्रत्येक वस्तूचे सर्व बाजूंनी फोटो, मापं, वजन, ओळख पटेल असा एखादा टवका किंवा डाग, आणि ही वही वाड्याबाहेरही ठेवलेली. हे काम बिनखर्चाचं आहे आणि तरी बहुतेक ठिकाणी राहिलेलं असतं.

उंच वाड्यावर वीजरोधक आणि मुख्य बोर्डात सर्ज संरक्षण (विजेच्या दाबाची अचानक उसळी अडवणारं उपकरण) लावल्याशिवाय ही सगळी इलेक्ट्रॉनिक्स सुरू करू नका. वळवाच्या एका पावसात पॅनेल आणि कॅमेरे दोन्ही जाऊ शकतात.

नववी पायरी: ताब्यात घेताना आणि नंतर

एजन्सीने ‘झालं’ म्हटलं की शेवटचा हप्ता देण्याआधी खरी चाचणी घ्या. चाचणीचा धूर प्रत्येक खणात सोडा, दिवाणखान्याची दारं लावून सोडा, वीज बंद करून सोडा. पॅनेलवर नाव बरोबर येतं का, हूटर मागच्या परसात ऐकू येतो का, रखवालदार किती मिनिटांत पोचतो, हे घड्याळ लावून लिहा. पोचायला जास्त वेळ लागत असेल तर यंत्रणा बदलण्याआधी किल्ल्या कुठे टांगल्या आहेत ते पाहा.

कायद्याप्रमाणे मालकाने किंवा वापरणाऱ्याने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘फॉर्म बी’ (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) सादर करायचा असतो. तो कागद नुसता भरून घेऊ नका, तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा. त्याशिवाय वाड्याला आपलं वेळापत्रक लागतं: मे अखेरीस माळा, कौलं आणि पाइपांची छिद्रं साफ, दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा, कारण त्या दिवसांत कौलांच्या फटीत रॉकेट शिरतात, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी हूटर. खोटा गजर झाला तर त्याचं कारण वहीत लिहा. कारण न शोधता डिटेक्टर ‘बंद’ करून ठेवला की काही महिन्यांत सगळी यंत्रणाच बंद पडलेली असते.

वर्षातून एकदा जवळच्या केंद्रातल्या जवानांना वाडा दाखवायला बोलवा: जिने, माळ्याची वाट, विहीर, विजेचा मुख्य स्विच, आणि मातीच्या भिंती कुठे आहेत ते. त्यांच्याबरोबर बसून आगीत आधी काय बाहेर काढायचं याची छोटी यादी करा. पाच-सात वस्तू पुरे, प्रत्येकीचा फोटो, जागा, ती भिंतीवरून कशी सोडवायची आणि उचलायला किती माणसं लागतात. एक प्रत देवडीत पॅनेलशेजारी, दुसरी केंद्रावर.

जवान भेटीला आले की त्यांना त्या यादीतली एक वस्तू प्रत्यक्ष सोडवायला सांगा. चौकट भिंतीला ज्या स्क्रूने बसवली आहे त्याला लागणारा पाना तिथेच टांगलेला आहे का, ते तेव्हाच कळतं.